हात वर होईपर्यंत

सर कधी ओरडत नसत. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ओरडण्याची आम्हाला सवय होती. माझे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी. दिवसभर पोती वाहायची आणि त्या गोंगाटातच बोलायचं, त्यामुळे घरी मीठ मागितलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. सर मात्र इतकं हळू बोलायचे की सगळा वर्ग श्वास रोखून बसायचा. पंख्याच्या घरघरीत शब्द निसटू नयेत म्हणून मागच्या बाकावरचा कोणीतरी उठून पंखाच बंद करायचा. ऐन एप्रिलमध्ये! शर्ट पाठीला चिकटलेला, आणि सर फळ्याकडे तोंड करून म्हणतायत, "नऊ नंबर, उभा राहा." नऊ नंबर मी. आज इतकी वर्षं झाली, तरी माझ्याशी कोणी हळू आवाजात बोलायला लागलं की मला आधी घाम फुटतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय करणार, कपाळ?

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नवी मुंबईतलं आमचं पॉलिटेक्निक नवंकोरं होतं आणि आम्ही सिव्हिलच्या डिप्लोमाला होतो. नेरूळच्या पुढे, आता जिथे सीवूड्सच्या सोसायट्या दिसतात, तिकडचे अर्धे रस्ते तेव्हा फक्त नकाशात होते. सर आम्हाला सर्व्हेइंग शिकवायचे, म्हणजे जमिनीची मोजणी. त्याआधी म्हणे ते वीस वर्षं साइटवर होते. तिथे काहीतरी घडलं आणि ते नोकरी सोडून मास्तर झाले. काय घडलं? कोणी म्हणायचं भिंत पडली, कोणी म्हणायचं पूल. खरं विचारायची कोणाची टाप नव्हती.

बारा महिने पायात गमबूट. वर्गातसुद्धा. कॉरिडॉरमधून तो फचक फचक आवाज आला की कँटीनमधली हसणारी पोरंही गप्प व्हायची. डबा खिडकीशी उभं राहून खायचे. बसून खाताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. घरी कोण असतं, कुठून येतात, काही पत्ता नाही.

आणि एक प्रश्न होता त्यांचा. तुम्ही काहीही सांगा, ते विचारायचे, "कोणाला सांगितलंस?"

"सर, काल मला ताप होता."

"कोणाला सांगितलंस?"

"सर, माझी बस वाटेत बंद पडली."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगणार सर? बसमध्येच तर होतो."

"शेजारी कोण होता?"

"माहीत नाही सर."

"अर्धा तास मांडीला मांडी लावून बसलास, आणि नाव माहीत नाही. बस खाली."

कँटीनच्या मावशींनाही सुटका नव्हती. सर म्हणायचे, "एक चहा, बिनसाखरेचा." मावशींनी परत म्हणायचं, "एक चहा, बिनसाखरेचा." मग सर म्हणणार, "हो." तेव्हा कुठे गॅस पेटायचा. एकदा मावशी वैतागून म्हणाल्या, "अवो सर, रोज तोच च्या पिताय, मला झोपेत बी ठाव हाय!" सर म्हणाले, "मावशी, माणूस मरतो तो अशाच ठाऊक असलेल्या गोष्टीने." आम्ही मागे उभे होतो. कोणी हसलं नाही.

मोजणीतही तीच पद्धत. दुर्बिणीवरच्याने आकडा वाचायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, वाचणाऱ्याने पुन्हा दुर्बिणीत बघून "हो" म्हणायचं, मगच पेन कागदाला लागणार. पेनही एकच, अख्ख्या गटात. दुसरं सापडलं तर जप्त.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आलं आणि खरी भीती तिथून सुरू झाली. इतर कॉलेजांत पोरं आपापले दोस्त घेऊन गट करायची. आमच्याकडे सर महिनाभर वर्गात नुसते बघत बसले. कोण कोणाशी बोलत नाही, कोण कोणाच्या शेजारी बसत नाही, ते सगळं त्यांनी हेरलं, आणि नेमकी तीच माणसं एका गटात घातली. वर परीक्षेची रीत अशी, की तोंडी परीक्षेत स्वतःच्या कामाबद्दल विचारायचंच नाही. माझ्या कामाबद्दल सदाला विचारणार, सदाच्या कामाबद्दल मला. सदा चुकला तर मार्क माझे जाणार. "त्याचे मार्क तुझ्या तोंडात आहेत," सर सांगायचे, त्यांच्या त्या हळू आवाजात. नापास म्हणजे वर्ष गेलं. माझ्या वडिलांनी गाळ्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगं यंदा इंजिनेर होतंय म्हणून.

आमचा गट तिघांचा. सदा, पाटणकडचा, तुर्भ्याला मामाकडे राहणारा. सहा फूट उंच आणि दिवसाला सहा शब्द. तिसरी कुंदा, खाडीकाठच्या गावातली, तिच्या गावातून डिप्लोमाला आलेली पहिली मुलगी. माझं आणि तिचं का पटत नव्हतं? खरं सांगू, ती माझ्यापेक्षा हुशार होती, बाकी काही नाही. सदाशी मी बोलत नव्हतो कारण तोच बोलत नव्हता.

आम्हाला काम मिळालं ते वस्तीतला एक नाला थेट खाडीच्या तोंडापर्यंत मोजायचं. दुर्बीण माझ्याकडे, वही आणि पेन कुंदाकडे, आणि आकडे रंगवलेली चार मीटरची उभी पट्टी, तिला स्टाफ म्हणतात, ती सदाकडे. मोजत मोजत पुढे जायचं तर दुर्बीण उचलून दुसरीकडे लावावी लागते. तेवढा वेळ स्टाफवाल्याने आहे तिथेच उभं राहायचं. तो तसूभर सरकला की मागचं सगळं मोजमाप फुकट. त्यामुळे सरांचा नियम होता, "दुर्बिणीवरच्याचा हात वर होईपर्यंत स्टाफवाल्याने पाय हलवायचा नाही. साप आला तरी."

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. एक आकडा उलटसुलट सांगितला, कुंदाने परत म्हटला, आणि मी दुर्बिणीत न बघताच "हो" म्हणून मोकळा. दुसऱ्या दिवशी सरांसमोर तिने सांगून टाकलं, "सर, हा आकडा खोटा हाय. याने बगितलाच नाय, नुसता हो बोलला." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हो कशाला म्हणालास?"

"सवयीने, सर."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते जवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या सवयीची मला भीती वाटते." मी त्या वाक्यातला अपमान तेवढा घेतला, आणि त्या दिवसापासून कुंदाशी बोलणं बंद. चिठ्ठ्या सदाच्या हातून. एकोणिसाव्या वर्षी माणूस किती गाढव असू शकतो!

खाडीतलं काम कधी करायचं ते कुंदाने ठरवलं होतं. "अष्टमीला जाऊया. दुपारी पानी खाली असतं, चिखल उघडा पडतो. आवस-पुनवेला खाडीत जायचाच नाय, भर दुपारी उधान येतं." पण अष्टमीला स्टोअरमध्ये दुर्बीणच शिल्लक नव्हती. पुढच्या आठवड्यात स्टोअरकीपर म्हणाला, "उद्या मोकळी आहे. न्यायची तर न्या, नाहीतर पंधरा दिवस विसरा." मी रजिस्टरवर सही ठोकली. सदाला सांगितलं, उद्या सकाळी.

त्याने विचारलं, "कुंदाला सांगितलंस?"

"सांगितलं रे," मी म्हणालो.

नव्हतं सांगितलं. म्हटलं, तिच्यावाचून काम करून दाखवू, मग बघू. दुसऱ्या दिवशी घरातून निघताना आई दाराला नवं लिंबू-मिरची बांधत होती. मी खाली वाकून बाहेर पडलो. आमच्याकडे अमावस्या म्हणजे एवढंच. खाडीच्या पाण्याचा तिच्याशी काय संबंध, ते आम्हा साताऱ्याकडच्यांना कुठून कळणार?

स्टोअरमध्ये दुर्बिणीबरोबर जमा असलेली वही आणि पेन मीच घेतलं, आणि साडेनऊच्या सुमाराला काम नाल्याच्या तोंडाशी आलं. सदा नाला ओलांडून पलीकडे गेला. तिवरांच्या झुडपांमध्ये, उघड्या चिखलात एक मोठा दगड होता, त्यावर स्टाफ धरून उभा राहिला. नाल्यात तेव्हा घोट्याएवढं पाणी. मी आकडा घेतला, दुर्बीण उचलली आणि बांधावर नवीन जागी लावली. आता दुर्बिणीत बघायचं, आकडा लिहायचा, हात वर करायचा. पाच मिनिटांचं काम.

लावता लावता मी वही उघडली आणि हबकलो. बेरीज जुळेना. कुंदा नव्हती, मीच वाचत होतो, मीच लिहीत होतो, आणि परत म्हणायला कोणीच नव्हतं. एक आकडा लिहिलाच नव्हता की दोनदा लिहिला होता? वाऱ्याने पानं फडफडत होती म्हणून मी बांध उतरून अलीकडे आडोशाला बसलो, खाडीकडे पाठ करून. एकदा मिळवलं, वजा केलं. परत मिळवलं. डोळ्यांपुढे सर. "कोणाला सांगितलंस?" मग अजूनच चुकायला लागलं. किती वेळ गेला, देवाशप्पथ मला कळलं नाही. त्या सगळ्या वेळात सदाचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

मला भानावर आणलं ते फचक फचक आवाजाने. बांधावरून सर पळत येत होते. सर पळतायत हे दृश्यच इतकं भलतं होतं की मी वही छातीशी धरून उभा राहिलो. त्यांच्या पुढे कुंदा. कॉलेजात स्टोअरच्या रजिस्टरवर तिने माझी सही पाहिली होती आणि चालू तासात सरांच्या वर्गात घुसली होती.

"सदा कुठंय?" ती किंचाळली. "अरं, आवस हाय आज! सदा कुठंय?"

मी बांधावर चढलो. खाडी नव्हतीच तिथे. समुद्रच आला होता. चिखल नाही, दगड नाही, नाला नाही, तिवरांचे फक्त शेंडे. उन्हाने पाणी इतकं चमकत होतं की काही दिसेना. मी दुर्बिणीला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. वर पाणी, खाली आभाळ, आणि मध्ये डोकं खाली लटकत असलेला सदा. स्टाफ त्याने दोन्ही हातांनी सरळ धरलेला. पाणी एक पूर्णांक वीस मीटरच्या रेघेवर होतं. मी बघत असतानाच ती रेघ गेली. पंचवीसची उरली.

सरांनी हात वर केला. मग दोन्ही हात. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ओरडले, "सोड! स्टाफ सोड! ये!" पण आता येणार कसा? मधला नाला दोन पुरुष खोल भरला होता आणि सदा विहिरीतसुद्धा न उतरणारा. सर गमबुटांसकट पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले, बूट चिखलात रुतले, पुढेही जाता येईना, मागेही. कुंदा तोवर बांधावरून गावाच्या दिशेने धावत होती, "काका! होरी काढा! मानूस बुडतंय!" अशा हाका मारत.

होडी यायला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत मी काय केलं? दुर्बिणीत बघत राहिलो. तीस. पस्तीस. मला वाटायचं, मी डोळा काढला तर तो जाईल. चाळीसच्या रेघेला कुंदाच्या काकांनी त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला आत ओढलं. स्टाफ त्याने तेव्हासुद्धा सोडला नाही. काका वैतागून म्हणाले, "टाक ना ती काठी, बाबा!"

काठावर आल्यावर सदा दातांवर दात आपटत बसला. मग काकांनी सरांना चिखलातून उपसलं, बूट तिथेच राहिले. सर अनवाणी आले, आपला शर्ट काढून पिळला आणि सदाचं डोकं पुसायला लागले. शर्ट दोनदा हातातून खाली पडला. मला वाटलं, आता मला विचारतील, कोणाला सांगितलं होतंस. त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

त्याच दुपारी सरांनी सगळं प्रिन्सिपलना लेखी कळवलं. काय लिहिलं, कोणाचं नाव घातलं, कळायला मार्ग नव्हता. तोंडी परीक्षेला पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस मी घरी जेवताना ताटाकडे बघून जेवलो. वडील विचारायचे, "कसलं टेन्शन घेतलंस रं एवढं?" मी म्हणायचो, अभ्यासाचं. कुंदाची मी माफी मागितली. ती म्हणाली, "माजी नको मागू, त्याची माग." सदाकडे गेलो तर तो म्हणाला, "जाऊ दे रे." मला तेवढंच हवं होतं. मी लगेच जाऊ दिलं.

आणि त्या पंधरा दिवसांत माझं एक उत्तर तयार झालं. रात्रंदिवस घोकलं मी ते. चूक माझी होती, कबूल. पण माणूस जागचा हलला नाही तो कोणामुळे? साप आला तरी हलू नका, असं कोण म्हणालं होतं? जितकं घोकलं तितकं मला ते खरं वाटायला लागलं.

परीक्षेच्या दिवशी आधी कुंदा गेली, मग सदा. सदा बराच वेळ आत होता. मग मी. सरांच्या पायात साध्या चपला होत्या. टेबलावर आमची वही होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

"नऊ नंबर. स्टाफवाला जागचा का हलला नाही?"

"तुमच्या भीतीने, सर," मी म्हणालो. एकदा तोंड उघडलं, मग थांबलोच नाही. "आम्ही सगळेच तुम्हाला घाबरतो सर. मी बेरीज करत बसलो ती तुमच्या भीतीने, आणि तो उभा राहिला तोही तुमच्याच भीतीने. तुमच्या नियमाने तो मेला असता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते म्हणाले, "बरोबर."

आम्ही तिघंही पास झालो. त्यानंतर सरांनी प्रोजेक्टचं काम स्वतःहून सोडलं. पुढच्या बॅचला दुसरे मास्तर आले, त्यांनी पोरांना हवे तसे गट करू दिले. वर्ष संपल्यावर सर कॉलेजही सोडून गेले. कुठे, कोणी विचारलं नाही. मी मात्र कँटीनमध्ये हिरो झालो होतो. सरांना तोंडावर सुनावणारा पहिला माणूस! ती गोष्ट मी पुढे नोकरीतही सांगत राहिलो, दर वेळी थोडं मीठमसाला लावून.

सहा-सात वर्षांनी सदा आणि मी उरणला एका कंटेनर यार्डच्या साइटवर एकत्र आलो. एका दुपारी जेवताना नव्या पोरांना मी तीच गोष्ट रंगवून सांगितली. सदा शेजारी भाकरी खात होता. पोरं हसली, हात धुऊन गेली. मी सहज म्हणालो, "काय रे सदा, एवढी कसली भीती वाटायची तुला सरांची? छातीला पाणी लागलं तरी हलला नाहीस!"

"सरांची?" तो म्हणाला. "मला नव्हती वाटत सरांची भीती."

"मग उभा का राहिलास?"

"तू होतास की दुर्बिणीवर. मला वाटलं, तू बघतोयस. तसंच काही असतं तर तू हात केला असतास."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. "हे... हे तू कोणाला बोललास?"

"सरांना. तोंडीला त्यांनी हेच विचारलं होतं. तुझ्या आधी मीच होतो की आत."

म्हणजे सरांनी मला विचारलं तेव्हा उत्तर त्यांना माहीत होतं. मी दुर्बिणीवर नव्हतोच, हे मी स्वतःहून सांगतो का, एवढंच बघायचं होतं त्यांना. आणि मी त्यांच्या तोंडावर सगळं त्यांच्याच माथी मारलं, त्यावर ते "बरोबर" म्हणाले होते.

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला हे आपणहून सांगू नकोस, झेपायचं नाही त्याला. पण त्याने विचारलं, तर खोटं बोलू नकोस."

"आणि इतकी वर्षं तू गप्प बसलास, सदा? एका शब्दाने बोलला नाहीस?"

त्याने भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "तू विचारलंस कुठे?"